मदत हवी आहे: कोपऱ्यावरचा पब वाचवायचाय

शेफील्डमधलं कोणी आहे का इथे? आमच्या कोपऱ्यावरचा रिअल एलचा (पिंपातच मुरणाऱ्या पारंपरिक बिअरचा) पब मालकांनी विकायला काढलाय. पिंपातली एल जिवंत असते, म्हणजे तिच्यातलं यीस्ट काम करत असतं; पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत संपवावी लागते. गिऱ्हाईक घटलं तशी चव उतरली, मग उरलेलेही पांगले. फार जीव तुटतो. या परदेशात पहिली ओळख तिथेच झाली होती.

लंडनचा ‘आयव्ही हाउस’ पब २०१३ मध्ये रहिवाशांनी मिळून विकत घेतला. आम्हाला आधी कौन्सिलकडे ‘सामुदायिक मालमत्ता’ म्हणून पबची नोंद करायचीय, म्हणजे तो विकण्याआधी रहिवाशांना बोली लावायला वेळ मिळतो. त्यासाठी स्थानिक मतदारयादीतली २१ माणसं लागतात (भारतीय पासपोर्टवरही नाव नोंदवता येतं, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं). हा अर्ज कोणी भरलाय का? पबचा वस्तीला असलेला उपयोग नेमका कसा मांडलात?