पुरुषही तसेच काढतात?

कॉमिक्समधल्या नायिकांना उत्तान काढतात अशी तक्रार केली की उत्तर येतं, "पुरुष सुपरहिरोही घट्ट कपड्यांत आणि फुगवलेल्या स्नायूंचेच असतात, मग बायकांबद्दलच ओरड का?" हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. सुपरमॅनची रुंद छाती ताकद दाखवते, वाचणाऱ्या पोराला आपणही तसं व्हावं असं वाटतं. आता २०१४ मधलं चित्रकार मिलो मानारा यांनी स्पायडर-वुमन या नायिकेच्या कॉमिकसाठी काढलेलं पर्यायी (त्याच अंकाचं वेगळ्या चित्राचं) मुखपृष्ठ बघा. ती गच्चीवर चढतेय, पण पाठीला असा बाक दिलाय की नजर थेट नितंबांवर जावी. पोशाख तर अंगावर रंग फासल्यासारखा. यातून तिची कुठली शक्ती कळते?

२०१२ मध्ये 'हॉकआय इनिशिएटिव्ह' या इंटरनेटवरच्या उपक्रमात अनेकांनी हॉकआय या पुरुष सुपरहिरोला नायिकांच्याच पोझमध्ये काढलं. ती चित्रं पाहिली की 'दोघांना सारखंच काढतात' हा दावा टिकत नाही.

आणि बदल करता येतो. कॉमिक्समधली नायिका कॅरल डॅनव्हर्स ही हवाई दलातली अधिकारी, तरी मिस मार्व्हल म्हणून वर्षानुवर्षं स्विमसूट आणि मांडीपर्यंतचे बूट! २०१२ मध्ये ती कॅप्टन मार्व्हल झाली, तेव्हा चित्रकार जेमी मॅकेल्वी यांनी तिला वैमानिकाला शोभेल असा अंगभर पोशाख दिला. त्यात ती देखणी तर दिसतेच, शिवाय लढायला निघालेली वाटते.