अनुभव धागा : रेशन थांबलं, तेव्हा ताटातून पहिलं काय गेलं?

धागाकर्ती

रेशनचा विषय निघाला की चर्चा दुकानदाराच्या काळ्याबाजारावर नाहीतर 'फुकट खाणाऱ्यांवर' जाते. मला वेगळं विचारायचंय. कार्डावरून नाव कमी झालं, दुकानातल्या मशीनवर अंगठा जुळला नाही, धान्याऐवजी पैसे सुरू झाले, कोटा अर्ध्यावर आला, कारण काहीही असो. त्यानंतर घरातला स्वयंपाक कसा बदलला? 'गहू-तांदूळ कमी पडले' एवढ्यावर थांबू नका. डाळ कितीदा शिजली, दूध कुणाचं बंद झालं, ते लिहा. गाव सांगायची गरज नाही, जिल्हा पुरे. शेजारपाजारच्या कुणाला लिहिता येत नसेल तर त्यांना विचारून त्यांच्या वतीने लिहा.

ज्यांचा रेशनशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं: 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला (म्हणजे गरीब म्हणून यादीत असलेल्या घराला) माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदय कार्डाला (सर्वांत गरीब घरांचं) माणसं कितीही असोत 35 किलो. भाव तेव्हा किलोला तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये. कोविडात, एप्रिल 2020 पासून, यावर माणशी आणखी 5 किलो फुकट. ते जादाचं डिसेंबर 2022 ला संपलं आणि जानेवारी 2023 पासून मूळचं 5 किलो फुकट झालं.

पुणे, घरकाम करते (मुलगी टाइप करतेय)

आई सांगते तसं लिहिते. घरात पाच युनिट, म्हणजे कार्डावर पाच माणसं. कोविडात पन्नास किलो यायचं, पंचवीस विकतचं, पंचवीस फुकट. मग एका महिन्यात दुकानदार म्हणाला, आता सगळं फुकट, पण पंचवीसच. टीव्हीवर 'मोफत धान्य' म्हणून बातमी होती. सोसायटीतल्या ताई म्हणाल्या, मजा आहे तुमची. आईचा हिशोब असा: फुकट झाल्याने वाचले साठ-सत्तर रुपये. गेलेलं पंचवीस किलो वाण्याकडून आणायचं तर सात-आठशे.

ते सात-आठशे कुठून काढायचे? भाडं, लाइट बिल, माझी फी यांना हात लावता येत नाही. हात लागतो तो खाण्याला. आधी दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी पाव लिटरवर आली, ती फक्त चहापुरती. रविवारचं चिकन महिन्यातून एकदा, तेही मान-पाय-कलेजी. तुरीची डाळ तेव्हा दीडशेच्या वर गेली होती, मग आमटीत डाळ मूठभर आणि चिंच-तिखट जास्त. पोळ्या मात्र तेवढ्याच होत्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, पोटभर जेवतायत की. आई दुपारी कामाच्या घरी मिळेल ते खाते, तो डबा इथे मोजलेला नाही.

जालना, केशरी कार्डवाला शेतकरी

आमचं प्रकरण निराळं. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या (म्हणजे त्या कायद्याच्या यादीबाहेरच्या) शेतकऱ्यांना 2015 पासून माणशी 5 किलो स्वस्त धान्य मिळायचं. 2022 मध्ये ते बंद पडलं. 2023 ला ठरलं की धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात टाकायचे, पुढे ते 170 केले.

आता म्हणाल, 150 भागिले 5 म्हणजे किलोला 30 रुपये, काय वाईट? वाईट असं, की पैसे घरातल्या बाईच्या खात्यावर जमा होतात आणि आधी ते खातं आधारला जोडलेलं लागतं. आमचं जोडलं जाईपर्यंत बरेच महिने गेले. मग दोन-तीन महिन्यांचे एकदम आले. त्या दिवशी फवारणीचं औषध आणायचं होतं. पैसा आला की त्याला दहा वाटा फुटतात. गव्हाचं पोतं घरात पडलं की ते खाल्लंच जातं, त्यानं उधारी फिटत नाही.

'शेतकऱ्याला कशाला रेशन' म्हणणाऱ्यांनी आमचं रान येऊन बघावं. कपाशी आणि सोयाबीन. दोन्ही दारात विकून धान्य विकत घ्यायचं. पूर्वी घरची ज्वारी असायची, तिला मजूर मिळत नाही, पाखरं खातात, भाव नाही. लेकरं आता सकाळी चहात पाच रुपयांचा बिस्कीट पुडा बुडवून शाळेत जातात. पूर्वी शिळी भाकरी नि ताक असायचं, आता म्हैसही नाही.

एक वाचक

सगळ्यांबद्दल सहानुभूती आहे, पण आमच्या गल्लीत रेशनचा तांदूळ विकत घेणारा टेम्पो दर महिन्याला येतो. इतकीच गरज असती तर लोकांनी विकला असता का?

सोलापूर, शिवणकाम

मी विकते. बेकायदा आहे, माहीत आहे. आम्ही ज्वारी खाणारी माणसं. मध्ये कित्येक महिने तांदूळच जास्त नि गहू थोडा यायचा. सासूबाईंना शुगर आहे, त्या तिन्हीत्रिकाळ भात कसा खातील? दहा-बारा किलो तांदूळ विकायचा, त्यात थोडे घालून ज्वारी नि तेलाची पिशवी आणायची. आम्ही त्याला 'बदली' म्हणतो. टेम्पोवाला बाजारभावाच्या निम्म्याने घेतो हेही खरं. आमच्या कार्डावरचं एक युनिट कमी झालं (दीर कामाला बाहेर, केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणं झालं नाही) तेव्हा पाच किलो गेलं, म्हणजे आमच्या घरातलं तेल गेलं. तेव्हापासून भाज्या शिजतात त्या पाण्यात, वरून फोडणीपुरतं तेल. वांगं असं करून पाहा एकदा.

धागाकर्ती

हे 'तेल गेलं' फार नेमकं आहे. प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी पुन्हा वाचावं.

ठाणे

आई गावी एकटी, अंत्योदय कार्ड, 35 किलो. एकटीला ते भरपूर होतं, कबूल. त्यातलं ती बहिणीला द्यायची, थोडं दळणाच्या बदल्यात. आयुष्यभर भात लावणी नि चुन्याच्या भट्टीवर काम, बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. दुकानातलं पॉस मशीन (बोटाचा ठसा जुळला तरच धान्य देतं) चार बोटं नाकारतं, पाचवं कधीतरी घेतं. एका महिन्यात काहीच घेईना. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात रेंज नव्हती.

मी फोन केला की 'जेवले' म्हणायची. नंतर शेजारच्या काकीने सांगितलं: सकाळी पेज, रात्री पेज, तोंडी लावायला सुकट असेल तर सुकट. भाजी आणायला ती बाजारात जात नव्हती, कारण हाताशी होते ते पैसे तांदळाला लागायचे. रेशनचा तांदूळ होता तेव्हा मला वाटायचं आई फक्त भातावर जगते. खरं तर त्या तांदळामुळे तिच्या पेन्शनच्या पैशातून भाजी, अंडी, गूळ येत होता. चेहरा दाखवून केवायसी करायचं ॲप आल्यावर भाच्याने मोबाइलवर ते केलं, आता सुरू आहे. मधल्या महिन्यांचं धान्य मिळालं नाही.

नाशिक, नवरा रिक्षा चालवतो

लग्न झालं, माहेरच्या कार्डावरून नाव कमी केलं. ते लगेच झालं, त्यासाठी कुणी हेलपाटे घालायला लावले नाहीत. सासरच्या कार्डावर चढवायला गेले तर 'इष्टांक शिल्लक नाही', म्हणजे यादीत जागा नाही. नंतर बाळ झालं, त्याचंही नाव नाही. तीन माणसांच्या धान्यात पाच जण जेवतोय. म्हणजे वाटा कुणाचा कमी झाला असेल, ओळखा. सातव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन आठ होतं. डॉक्टर म्हणाल्या, पालेभाजी, खजूर, मोड आलेली कडधान्यं खा. मी हो म्हटलं. सासूबाई वाईट नाहीत, त्यांनी त्यांच्या ताटातली डाळ माझ्या वाटीत घातलेली मी पाहिली आहे. पण मग त्या कशावर जेवल्या?

आणि उत्पन्नाची अट वाचा कुणीतरी. शहरात वर्षाला 59,000, गावात 44,000. महिन्याला पाच हजारांच्या आत. रिक्षा चालवून एवढंच मिळत असतं तर रिक्षा कशाला चालवली असती? म्हणजे खरं बोललात तर कार्ड जातं.

रेशन दुकानदार, विदर्भ

मारा मला शिव्या, सवय आहे. पण दोन गोष्टी. 'इष्टांक' म्हणजे सरकारने ठरवलेली लाभार्थ्यांची कमाल संख्या. अख्ख्या महाराष्ट्राची ती 7 कोटी 16 हजार. हा आकडा 2011 च्या जनगणनेवरून आलेला: गावात 76.32 टक्के, शहरात 45.34 टक्के लोक. त्यानंतर जनगणना झालेली नाही, त्यामुळे हा आकडा हललेला नाही. कुणी मेलं, कुणी सोडून गेलं, तर जागा होते. म्हणून केवायसीवर एवढा जोर. कार्डांवर मेलेली माणसं होती, हे मी नाकारणार नाही, माझ्याच दुकानात होती.

पण यादीतून नाव उडालं की कारण मला कळत नाही. मशीनवर युनिट कमी दिसतं, एवढंच. समोर म्हातारी उभी असते नि तिला वाटतं मीच खाल्लं. क्विंटलला दीडशे रुपये कमिशनवर वर्षं काढली, आता थोडं वाढवलंय.

माझ्या गल्ल्यावरून सांगतो काय बदलतं ते. शेजारी माझंच किराणा आहे. ज्याचं रेशन जातं तो महिन्याचं सामान भरणं सोडतो. रोज संध्याकाळी पन्नासची नोट घेऊन येतो: अर्धा किलो पीठ, दहाचं तेल, पाचची हळद-मिरची. सुट्टं घेतलं की महाग पडतं, त्यालाही कळतं. डाळ मागणं बंद होतं, बेसन वाढतं. पाव किलो बेसनाचं पिठलं सहा जणांना पुरतं.

शिक्षक, आदिवासी भागातली शाळा

हे रेशन नाही, पण विषय तोच. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचा निर्णय नोव्हेंबर 2023 ला झाला, अंडं न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला: द्यायचं तर लोकसहभागातून द्या. आमच्या पाड्यावर लोकसहभाग म्हणजे कोण? ज्यांची पोरं अंडं खायला येतात तेच.

अंड्याच्या दिवशी पट भरलेला असायचा. आमच्या दुसरीतला एकजण आधी पांढरं सोलून खायचा आणि बलक शेवटी, भाताच्या मधोमध ठेवून, कुणाला हात लावू द्यायचा नाही. निधी थांबल्यावर पुढचे कित्येक बुधवार मुलं स्वयंपाकघराच्या दारात डोकावून जायची. आम्ही शिक्षकांनी पदरच्या पैशाने काही आठवडे चालवलं. ते कायमचं जमणारं नव्हतं. या मुलांच्या घरी रेशनचा भात आहे, तोही शाळेतल्यासारखाच पांढरा. प्रथिनं म्हणावीत असं आठवड्यातलं ते एकच ताट होतं, बाकी नदीला मासे मिळाले तर.

आशा कार्यकर्ती

नाशिकच्या ताईंना: तुमच्यासारख्या घरोघरी आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. आम्ही लोहाच्या गोळ्या देतो. पण नुसत्या चहा-बिस्किटावर गोळी घेतली की मळमळतं, मग ती फळीवर पडून राहते. कार्डावर नाव नसलं तरी अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा म्हणून नोंद होते, तिथला आहार सोडू नका. त्याला रेशन कार्ड लागत नाही.

लातूर

छोटंसं. 2022 च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, पामतेल मिळालं होतं, 'आनंदाचा शिधा'. पिशवी उशिरा आली, दिवाळीनंतर लाडू केले, पण केले. नंतर सणासुदीला मिळत राहिला, मग बंद. चणाडाळ गेली त्याचं वाईट वाटतं, साखरेचं नाही.

धागाकर्ती

नाव कमी झालेल्यांसाठी, दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून: 1967 ही रेशनची हेल्पलाइन आहे. तोंडी तक्रार करू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याच्या वर राज्य अन्न आयोग. हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो, कलम 8. ठाण्याच्या दादांनी आईच्या बुडालेल्या महिन्यांसाठी हा अर्ज करून पाहावा. हा भत्ता प्रत्यक्षात कुणाला मिळाला असेल तर कृपया लिहा.

ठाणे

अर्ज देतो. पण नकार मशीनवर होता, त्याची पावती निघत नाही. धान्य 'दिलं नाही' हे दाखवायचं कशावरून?

रेशन दुकानदार, विदर्भ

मशीनमध्ये फसलेल्या प्रयत्नाची नोंद असते. कार्डाचा बारा अंकी नंबर टाकून त्या महिन्यांचे व्यवहार ऑनलाइन बघा, धान्य उचललेलं दिसणार नाही. त्याची प्रिंट अर्जाला जोडा. आणि उचललेलं दिसलं, तर मग अर्ज वेगळा करावा लागेल.