'एनर्जी ट्रान्झिशन'ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

विकसनशील प्रदेशांना स्वच्छ आणि परवडणारी ऊर्जा कशी मिळेल, या विषयावरची एक पुस्तिका मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. 'एनर्जी ट्रान्झिशन', म्हणजे कोळसा-तेलासारख्या इंधनांकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळणे, हा शब्दप्रयोग तिच्या जवळजवळ प्रत्येक पानावर येतो. हाती आलेल्या कच्च्या मसुद्यात त्यासाठी सर्वत्र 'ऊर्जा संक्रमण' असे लिहिलेले आहे. ते वाचून एका सहकाऱ्यांनी 'हा कोणता नवा आजार?' असे विचारले. त्याच मसुद्यातील 'ऊर्जा प्रवेश' (मूळ इंग्रजी 'एनर्जी ॲक्सेस'), 'स्वच्छ इंधन' आणि 'स्वस्त ऊर्जा' या शब्दांबद्दलही मला खात्री वाटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपल्या सहकाऱ्यांनी थट्टा केली असली, तरी ती अगदीच निराधार नाही. रोगाच्या फैलावाला मराठीत संसर्ग म्हणतात आणि हिंदीत संक्रमण. करोनाच्या साथीत हिंदी बातम्यांबरोबर तो अर्थ मराठीतही शिरला. मराठीतील संक्रमण मुळात सूर्याचे, म्हणजे एका राशीतून दुसऱ्या राशीत जाण्याचे. त्यावरून आलेले संक्रमणकाळ आणि संक्रमणावस्था हे शब्द चांगले रुळलेले आहेत आणि त्यांत 'निघालो आहोत, पण अजून पोहोचलेलो नाही' हा अर्थ नेमका उतरतो. त्यामुळे हा शब्द टाकून द्यावा असे मला वाटत नाही. 'ऊर्जा संक्रमण' असे दोन शब्द नुसते शेजारी ठेवले की ते संसर्गासारखे ऐकू येतात. 'ऊर्जाक्षेत्राचा संक्रमणकाळ' म्हटले की गैरसमजाला जागा राहत नाही.

'ऊर्जा रूपांतर' मात्र कटाक्षाने टाळावे. धरणातून सोडलेले पाणी जनित्र फिरवते तेव्हा जे घडते ते ऊर्जेचे रूपांतर, आणि विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांनी हा शब्द केव्हाच आपलासा केलेला आहे. 'स्थित्यंतर' अर्थाच्या दृष्टीने निर्दोष आहे, परंतु त्यात काळाच्या ओघात आपोआप घडून आलेल्या बदलाची छटा आहे. धोरण ठरवून, पैसा ओतून घडवून आणायच्या बदलाला तो थोडा निष्क्रिय वाटतो. सत्तापालट, खांदेपालट यांच्या धर्तीवर 'ऊर्जापालट' हा सुटसुटीत शब्द करता येईल. जर्मन भाषेत १९८० च्या सुमारास रूढ होऊ लागलेला 'एनर्गीवेंडे' हा शब्द त्याच्या बराच जवळचा आहे, कारण 'वेंडे' म्हणजे वळण किंवा पालट.

खरी अडचण याच्या पुढे आहे. पालट होण्यासाठी आधी काहीतरी हाताशी असावे लागते. श्रीमंत देशांत कोळशाची वीज जाऊन तिच्या जागी सूर्य-वाऱ्याची वीज येते, तेव्हा 'पालट' शोभतो. परंतु पाच आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त अहवालानुसार २०२२ मध्ये जगातील सुमारे ६८.५ कोटी लोकांच्या घरी वीजच नव्हती, आणि त्यांच्यातील बहुसंख्य लोक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होते. त्यांच्या घरी सौरदिवा पहिल्यांदा लागतो तेव्हा तेथे कशाचा पालट झाला? फार तर रॉकेलच्या चिमणीचा. म्हणून विकसनशील प्रदेशांबद्दल लिहिताना एकच नाम सगळीकडे चिकटवू नये, कुठून कुठे हे क्रियापदाने सांगावे. 'कोळशाकडून सूर्य-वाऱ्याकडे वळणे' हे एक, आणि 'अंधारातल्या घरांना वीज मिळू लागणे' हे दुसरे. आपल्या पुस्तिकेत या दोन्ही गोष्टींना एकच नाव दिलेले असेल, तर तो गोंधळ मूळ मजकुराचा आहे. अनुवादाने तो जसाच्या तसा वाहून आणण्याचे कारण नाही.

'ऊर्जा प्रवेश' कृपया काढूनच टाका. कोण कोठे प्रवेश करते, हे वाचकाला कळत नाही. मराठीत वीज पोहोचते आणि वीज मिळते, आणि या दोन क्रियापदांतील फरक येथे फार कामाचा आहे. दाराशी खांब उभा राहिला, तार घरात आली, मीटर बसला, की वीज पोहोचली. संध्याकाळी मूल पुस्तक घेऊन बसले असताना दिवा लागला आणि लागलेला राहिला, तर वीज मिळाली. जागतिक बँकेने २०१५ मध्ये मांडलेल्या श्रेणीपद्धतीत नेमके हेच मोजले जाते. तिच्या पहिल्या पायरीला दिवसाकाठी किमान चार तास वीज लागते, त्यांतला निदान एक तास संध्याकाळचा हवा; पाचव्या पायरीला किमान तेवीस तास लागतात. गावाच्या विद्युतीकरणाच्या आकड्यात या दोन्ही घरांची नोंद सारखीच होते.

एक शंका

वरील विवेचन पटले, तरी 'स्वच्छ', 'हरित', 'नवीकरणीय', 'अपारंपरिक' हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. पुस्तिकेच्या सोयीसाठी सर्वत्र 'हरित ऊर्जा' लिहिले तर काय बिघडेल?

उत्तर

या विषयात तरी पुष्कळ बिघडेल. जागतिक आरोग्य संघटना स्वयंपाकाच्या इंधनांना स्वच्छ ठरवते ती घरातल्या हवेच्या कसोटीवर, म्हणजे सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड किती निघतात हे पाहून. या कसोटीवर सिलिंडरमधील गॅस स्वच्छ ठरतो, मग तो जीवाश्म इंधन का असेना. उलट, तोडलेल्या झाडाच्या जागी पुन्हा झाड वाढत असेल तर लाकूड नवीकरणीय आहे, पण बंद खोलीत चुलीशी बसून ओल्या फाट्याला फुंकर घालणाऱ्या आणि पदराने डोळे पुसणाऱ्या बाईसमोर त्याला स्वच्छ म्हणण्याची माझी तरी हिंमत होणार नाही. अशा इंधनांवर २०२२ मध्ये सुमारे २१० कोटी लोकांचा स्वयंपाक होत होता, आणि घरातील धुरामुळे २०२० मध्ये सुमारे ३२ लाख अकाली मृत्यू झाले असा याच संघटनेचा अंदाज होता. म्हणून 'स्वच्छ' हा शब्द जेथे चुलीच्या संदर्भात येतो तेथे 'धूररहित' किंवा 'घरातील हवा न बिघडवणारे' असा खुलासा एकदा तरी करावा.

'हरित' या शब्दाची तर मराठीत गंमतच झाली आहे. तापमानवाढीला कारण होणारे ते हरितगृह वायू, आणि त्यांना आवर घालणारी ती हरित ऊर्जा. एकाच परिच्छेदात दोन्ही आले की नवखा वाचक बुचकळ्यात पडतो. 'अपारंपरिक' सौर आणि पवन ऊर्जेसाठी बराच काळ चालला, परंतु ज्या घरात परंपरेने लाकूड आणि शेणीच जळतात, तेथे कोळशाच्या विजेला 'पारंपरिक' कसे म्हणायचे? भारताच्या संबंधित मंत्रालयानेही २००६ मध्ये नाव बदलताना हा शब्द सोडून 'नवीन आणि नवीकरणीय' असे शब्द घेतले. 'पुनर्नवीकरणीय' लिहू नये. 'नवीकरण' म्हटल्यावर 'पुन्हा' त्यात आलेच. 'अक्षय' मला आवडतो, पण तो ऊन-वाऱ्यापुरताच राखून ठेवावा, कारण जंगल अक्षय नसते.

आता 'स्वस्त'. स्वस्त असणे हा वस्तूचा गुण आहे. परवडणे मात्र कोणाला तरी असते. 'मला परवडते', 'त्यांना परवडत नाही' अशी चतुर्थी मागितल्याशिवाय ते क्रियापद पुरे होत नाही, आणि मूळ इंग्रजी 'अफोर्डेबल' या शब्दाचा आशयही तोच आहे. सौरपटलांच्या किमती २०१० नंतरच्या दशकात सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या, म्हणजे ते निश्चितच स्वस्त झाले. पण या विजेचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो, आणि विकसनशील देशांत त्यासाठीचे भांडवल बहुधा श्रीमंत देशांच्या दुपटीहून अधिक महाग पडते. तेव्हा तेच पटल, तेच ऊन, तरी युनिटचा दर चढा! केनियात मोबाइलवरून रोज थोडे थोडे पैसे भरून सौरसंच घेण्याची पद्धत रुजली ती यामुळेच; तेथे संचाची किंमत भरण्याची रीत बदलली होती. 'किफायतशीर' विकणाऱ्यालाही लागू पडत असल्याने येथे दिशाभूल करतो.

पुरवणी

कोळशाबद्दलच्या क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत अखेरच्या क्षणी मसुद्यातील 'फेज आउट' बदलून 'फेज डाउन' झाले, आणि त्या एका शब्दावर बराच वाद झाला. मराठीत दोन्हींसाठी सरसकट 'टप्प्याटप्प्याने हटवणे' लिहिलेले आढळते. पहिले 'टप्प्याटप्प्याने बंद करणे' आणि दुसरे 'टप्प्याटप्प्याने कमी करणे' आहे. हा भेद पुसला तर वाद कशावरून झाला तेच कळणार नाही. २०२३ च्या दुबई परिषदेतील जीवाश्म इंधनांविषयीच्या शब्दयोजनेला 'त्यांच्यापासून दूर जाणे' पुरते. 'जस्ट ट्रान्झिशन'साठी 'न्याय्य संक्रमण' लिहावे, 'न्यायी' नव्हे; माणूस न्यायी असतो, व्यवहार न्याय्य असतो. दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतातील कोळसा-कामगारांच्या दृष्टीने पाहिले तर हे संक्रमण रोजगारावरची संक्रांत ठरू शकते, आणि ती ठरू नये म्हणूनच ते विशेषण आलेले आहे.

विचारणा करणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. पहिल्या प्रकरणाचे 'विकसनशील देशांतील ऊर्जा संक्रमण व स्वस्त ऊर्जा प्रवेश' हे शीर्षक बदलून 'धुराशिवाय चूल, खंडाविना वीज: कोणाला मिळते, कोणाला परवडते' असे केले आहे. 'संक्रमणकाळ' प्रस्तावनेत दोनदाच येईल. कुटुंबे गॅस आल्यावरही चूल सोडत नाहीत, दोन्ही वापरतात; या प्रकाराला इंग्रजीत 'स्टॅकिंग' म्हणतात. त्यासाठी मी तूर्त 'जोडवापर' लिहिले आहे. अधिक चांगला शब्द सुचल्यास कळवावे.