डिस्क की डाउनलोड?

व्हिडिओ गेम डिस्कवर घ्यावा की डाउनलोड करावा? डाउनलोड केलं की डिस्क बदलायची कटकट नाही, हा अनेकांचा मुद्दा मान्य. मी मात्र अजूनही शक्यतो डिस्कच घेतो. खेळून झाली की मित्राला देता येते, विकता येते. डाउनलोड आपल्या खात्याला बांधलेला राहतो. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या गेमयंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. फक्त तिथेच मिळणारे कितीतरी छोटे, सुंदर गेम विकत घ्यायची सोयच संपली. याचं मला खरंच वाईट वाटतं.

अर्थात हल्ली डिस्क-कार्डाचीही खात्री नाही. निन्टेन्डोच्याच स्विच २ या यंत्राच्या गेम-की कार्डात गेमच नसतो, तो इंटरनेटवरून वेगळा डाउनलोड करावा लागतो. त्यामुळे खोक्यावरची सूचना वाचूनच घ्या.

आणि पहिल्याच दिवशी घ्यायची घाई नको. 'सायबरपंक २०७७' हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा पीएस४ वर (सोनीच्या प्लेस्टेशन ४ वर) इतका अडखळायचा की सोनीने तो काही महिने आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढलाच होता. पुढच्या अपडेट्सनी तो पार पालटला. मी तो बऱ्याच उशिरा, पीएस५ वर खेळलो आणि अक्षरशः हातातून कंट्रोलर सुटेना.