कॅनडा पीआर : रायटिंगला ६.५ आले, परीक्षा पुन्हा द्यावी का?

वाटसरू_पुणे
कॅनडाच्या पीआरसाठी (कायमस्वरूपी वास्तव्यासाठी) एक्स्प्रेस एंट्रीची, म्हणजे गुणांवर निवड होते त्या पद्धतीची, तयारी चालू आहे. माझं वय ३२, बी.ई., सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेतल्या जनरल प्रकाराचा निकाल (९ पैकी बँड) : लिसनिंग ८, रीडिंग ७.५, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. बायको २९ वर्षांची, फिजिओथेरपिस्ट (एमपीटी, म्हणजे मास्टर्स), रुग्णालयात तीन वर्षं पूर्ण झाली आहेत. तिने परीक्षा दिलेली नाही. प्रश्न दोन : मी परीक्षा पुन्हा द्यावी का? आणि एक एजन्सी म्हणते की पैसे भरा, तिकडची जॉब ऑफर मिळवून देतो आणि त्याचे ५० गुण वाढतील. यात तथ्य आहे का?

गोदाकाठ
आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यात पैसे बुडतात. जॉब ऑफरचे सीआरएस गुण (एक्स्प्रेस एंट्रीत अर्जदारांची क्रमवारी लावणारे गुण) २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. आता त्याचे शून्य मिळतात. वर ती ऑफर खोटी निघाली, तर चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी येते, आणि ती एजंटवर नाही, अर्जदारावर येते. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर तिथला वकील किंवा 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'चा परवानाधारक लागतो. ती यादी सगळ्यांना खुली आहे. एजन्सीचं नाही, फाईलवर सही करणाऱ्या माणसाचं नाव त्यात शोधा.

टोरांटोकर
परीक्षेचं नंतर बघू. मुळात मुख्य अर्जदार तुम्ही का? गणित मांडतो.

तुम्ही मुख्य, आहे तो निकाल धरून : वय ८५, पदवी ११२, इंग्रजी १०९, कौशल्य-जोडणीचे (शिक्षण आणि अनुभवाला चांगल्या इंग्रजीची जोड असली की मिळणारे) ३८. बायकोच्या शिक्षणाचे १० आणि तिने सीएलबी (कॅनडाची भाषापातळी) ९ आणला तर २०. एकूण ३७४. रायटिंगला ७ आणलेत तर इंग्रजी ११६ आणि जोडणी ७५, म्हणजे ४१८.

आता बायकोला मुख्य करा : वय १००, मास्टर्स १२६, चारही विभागांत सीएलबी ९ असेल तर इंग्रजी ११६, जोडणीचे पूर्ण १००. तुमच्या पदवीचे ८ आणि आहे त्याच इंग्रजीचे १८. एकूण ४६८. यात तुम्ही परीक्षा पुन्हा दिलीत, तर फक्त २ गुण वाढतात. तेवढ्यासाठी फी भरू नका. तो वेळ आणि पैसा त्यांच्या तयारीवर घाला.

शिवाय फिजिओथेरपी आरोग्यसेवेच्या वर्गवारीत येते. २०२५ च्या उत्तरार्धात त्या वर्गवारीचे कट-ऑफ (पीआर अर्जाचं निमंत्रण मिळायला लागणारे किमान गुण) ४७० च्या आसपास फिरत होते. म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात, आणि त्यांना तिशी लागली की ५ गुण जातात. एक्स्प्रेस एंट्रीचं प्रोफाईल भरणं लांबवू नका.

वाटसरू_पुणे
हे डोक्यातच आलं नव्हतं! मग तिला नेमके किती बँड लागतील? पात्रतेला सगळीकडे ६ पुरतात असं वाचलं होतं.

रेवती_म
६ म्हणजे सीएलबी ७. ती एक्स्प्रेस एंट्रीतल्या 'फेडरल स्किल्ड वर्कर' योजनेच्या दारातून आत जाण्यापुरती अट आहे. निमंत्रण मिळवायला सीएलबी ९ धरून चला : लिसनिंग ८, बाकी तिन्ही ७. एकूण बँडकडे बघूच नका, इथे प्रत्येक विभाग सुटा मोजतात. लिसनिंगलाच ८ का लागतात, यावर डोकं खाऊ नका, तक्ताच तसा आहे.

अर्ध्या बँडची किंमत बघा. त्यांना रायटिंगला ७ ऐवजी ६.५ आले, तर थेट ७ गुण जातात आणि जोडणीचे १०० वरून ५० होतात. एका विभागापायी ५७ गुण, ४६८ चे ४११. दोन वेळच्या परीक्षांमधले चांगले विभाग एकत्र करून दाखवता येत नाहीत.

तयारीसाठी अंदाज : प्रत्येकी ४० प्रश्नांत लिसनिंगच्या ८ बँडला साधारण ३५ बरोबर लागतात, जनरल रीडिंगच्या ७ ला ३४. रीडिंग जनरलचं म्हणून सोपं समजू नका, उतारे सोपे असतात म्हणून गुण कडक लावतात. लिसनिंगमध्ये स्पेलिंग चुकलं किंवा सांगितलेल्या शब्दमर्यादेपेक्षा एक शब्द जास्त लिहिला, की ते उत्तर गेलं.

आपल्याकडची मुलं अडकतात ती रायटिंगला. साठ मिनिटं असतात : पत्र किमान १५० शब्दांचं, निबंध किमान २५० शब्दांचा. निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन असतं, म्हणून २० आणि ४० मिनिटं अशीच विभागणी ठेवा. पत्रात दिलेले तिन्ही मुद्दे यायलाच हवेत, आणि मित्राला लिहिलेल्या पत्रात मध्येच सरकारी भाषा नको. निबंधात बँड खाली ओढतात त्या गोष्टी : 'अ' आणि 'द' ही आर्टिकल्स गाळणं, स्वल्पविराम टाकत चार वाक्यं एकात ओढणं, 'डिस्कस अबाउट' सारखे प्रयोग आणि क्लासमधून पाठ करून आणलेली सुरुवात. परीक्षकाला पाठांतर लगेच कळतं. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना उच्चारांची भीती असते, ती सोडा. स्पीकिंगला हेल मोजत नाहीत, बोलणं समजतंय का ते बघतात. एका वाक्यात उत्तर देऊन गप्प बसणं जास्त महागात पडतं.

आणि बुकिंग करताना 'जनरल ट्रेनिंग' निवडा. अ‍ॅकॅडमिकचा निकाल इथे कितीही चांगला असला तरी चालत नाही.

चौकस
भर घालतो. टायपिंग चांगलं असेल तर सेलपिप किंवा पीटीई कोअर या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षाही बघा. पीटीई कोअर जानेवारी २०२४ पासून मान्य आहे, पण पीटीई अ‍ॅकॅडमिक मान्य नाही. नावातल्या त्या एका शब्दावरून फी वाया जाते. सेलपिपमध्ये ९ म्हणजे सरळ सीएलबी ९. बोलायचं मात्र संगणकाशी असतं, समोर माणूस नसतो. कोणताही निकाल दोन वर्षं चालतो, पण प्रोफाईलच्या दिवशी आणि पीआर अर्जाच्या दिवशी, दोन्ही वेळा तो वैध हवा.

वर्षभर हातात असेल तर फ्रेंचचा विचार करा. चारही विभागांत सातवी पातळी आली, तर इंग्रजीसोबत ५० जादा गुण मिळतात, शिवाय फ्रेंचवाल्यांचे ड्रॉ (निमंत्रणाच्या फेऱ्या) वेगळे निघतात. मार्च २०२५ मध्ये अशा एका ड्रॉचा कट-ऑफ ३७९ होता. मात्र शून्यापासून सुरुवात असेल तर रोजचे दोन तास ठेवावे लागतील, शनिवार-रविवारच्या वर्गाने होत नाही.

गोदाकाठ
कागदपत्रं परीक्षेच्या तयारीबरोबरच सुरू करा. बायकोची पदवी महाराष्ट्रातली असेल तर बहुधा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट तिथून. आधी डब्ल्यूईएसवर (परदेशी पदवीची समतुल्यता तपासणारी संस्था) खातं उघडून संदर्भ क्रमांक घ्या. तो क्रमांक नसेल तर पाकीट पोचूनही फाईलला लागत नाही. एमपीटीला मास्टर्स समतुल्यता मिळाली की वरचं गणित पक्कं.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. विवाह नोंदणीचा दाखला सगळीकडे जोडा. पासपोर्ट अजून माहेरच्या नावाने असेल तर प्रक्रिया संपेपर्यंत बदलू नका. परीक्षेचं बुकिंग पासपोर्टवरच्या नावानेच हवं.

अनुभवाचं पत्र ही सगळ्यात नाजूक जागा. रुग्णालयं दोन ओळींचा दाखला देतात, तो पुरत नाही. लेटरहेडवर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार, प्रत्यक्ष कामांची यादी आणि सही करणाऱ्याचा संपर्क हवा. पगाराऐवजी प्रोफेशनल फी मिळत असेल तर करारपत्र, फॉर्म १६ए आणि बँकेच्या नोंदी जोडा. बिनपगारी इंटर्नशिप मोजली जात नाही, ती वजा करूनही तीन वर्षं भरतात ना ते आधी तपासा. नाहीतर जोडणीतले अनुभवाचे गुण निम्म्यावर येतील, म्हणजे १०० चे ७५.

वाटसरू_पुणे
इंटर्नशिप वगळूनच तीन वर्षं आहेत. पैसे किती दाखवायचे? एफडी आणि सासऱ्यांची मदत चालेल का?

टोरांटोकर
दोघांसाठी जुलै २०२५ चा आकडा १९,००१ कॅनेडियन डॉलर आहे, दरवर्षी बदलतो. एफडी चालते. घराची किंमत आणि कर्जाऊ रक्कम चालत नाही. बँकेच्या पत्रात खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि असलेली कर्जं, सगळं हवं. शाखेत छापील नमुना देतात त्यात सरासरी नसते, ती मागून घ्या. सासऱ्यांची मदत परतफेडीची नाही असं गिफ्ट डीड करा आणि रक्कम त्यांच्या खात्यातून सरळ तुमच्या खात्यात येऊ द्या.

निमंत्रण आलं की ६० दिवस मिळतात. ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणी अर्जाआधीच करावी लागते, तीही कॅनडा सरकारच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडेच. पोलिस दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवेतून होतो. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर तिथे आठवडे जातात, म्हणून पत्त्याचं काम आजच करून घ्या.

आणि पीआर मिळाला म्हणजे फिजिओ म्हणून काम करता येईल असं नाही. त्यासाठी पात्रतेची वेगळी तपासणी, परीक्षा आणि प्रांताचा परवाना लागतो. ट्रान्स्क्रिप्ट मागवतानाच एक संच जास्तीचा घ्या, तिथे तो पुन्हा लागेल.