सासूबाईंच्या माकडहाडावर लाल चट्टा, मावशींना काय शिकवू?

प्रश्न (खानापूर): पक्षाघातानंतर सासूबाई तीन महिने अंथरुणाला खिळल्यात. त्यांना सांभाळायला नंदगडहून येणाऱ्या मावशी मायाळू आहेत, पण लाल जागेवर रोज खोबरेल चोळतात. घरी सोडताना आम्हाला एवढंच सांगितलं, ‘कूस बदलत राहा’. किती वेळानं? कशी?

उत्तर (शहापूर, बेळगाव, ११ वर्षं घरोघरी रुग्णसेवा): चोळणं आजच बंद करा ताई, आतली नाजूक कातडी आणखी दुखावते. बोटानं दाबून बघा. पांढरं पडून परत लाल झालं तर दाबाची जखम (बेडसोअर) टाळायला अजून वेळ आहे. लालच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, गरम किंवा कडक लागतंय का बघा. साधारण दर २ तासांनी कूस, तीही पाठीला उशी देऊन ३० अंशच तिरकी. ओढायचं नाही, जुनं लुगडं चौघडी करून खाली घाला नि दोघींनी उचलून सरकवा. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी. मी शिकवताना आधी मावशींनाच बाकावर अर्धा तास न हलता झोपवते. लगेच कळतंय!

निपाणी: भोकाची रबरी गादी चालेल?

शहापूर: नको, कडेनं दाब वाढतो. हवेची गादी घ्या, पण कूस चुकवू नका.

खानापूर: दाबलं, पांढरं झालं! वेळा भिंतीवर कन्नडमध्ये लिहिल्यात, मावशींना तेच वाचता येतं.