मदत हवी आहे: आईने १३ टाकलं की पान कोरंच राहतं

नमस्कार मंडळी, मी भुसावळची. जावास्क्रिप्ट शिकायला लागून दीड महिना झाला. सरावासाठी एक छोटं वेब ॲप करतेय. आकडा टाकला की ० पासून त्या आकड्यापर्यंत यादी येते. ज्या संख्येत १ असेल तिथे 'भरीत!', २ असेल तिथे 'कळण्याची भाकरी!' आणि ३ असेल तर 'ये ना भाऊ जेवाले!'. एकाहून जास्त अंक आले तर मोठ्याचा मान, म्हणजे १३ ला जेवणाचं आमंत्रण.

आधी १३ ला भरीतच येत होतं. इफ-एल्स इफमध्ये १ ची तपासणी वर होती, ती खरी ठरली की खालचं कोण बघतंय! ३ वर नेलं, सुटलं.

खरा घोळ पुढे आहे. आईने तिच्या मोबाईलवर मराठी कीबोर्डवरून १३ टाकलं, देवनागरीत. बटण दाबलं, काहीच नाही. "तुनं यंत्र उपाशी शे का?" म्हणे. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दिसतात ती खिडकी) एररही नाही. मजकुराचा आकडा करणारं नंबर() त्याचं 'नॅन' (म्हणजे 'आकडा नाही') करतं, मग यादी छापणारा फॉर लूप एकदाही फिरत नाही, एवढं कळलं.

युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला कोड क्रमांक देणारी पद्धत) देवनागरी ० ते ९ ओळीने आहेत, मग प्रत्येक अक्षराच्या कोडमधून देवनागरी शून्याचा कोड वजा करू, की दहा वेळा रिप्लेस लिहू? इनपुटचा टाइप टेक्स्टच ठेवलाय. आणि यादीतले उरलेले आकडेही देवनागरीत दाखवायचे असतील तर टूलोकेलस्ट्रिंग (आकडा त्या-त्या भाषेच्या पद्धतीने दाखवणारं फंक्शन) चालेल का? कोणी केलं असेल तर सांगा.